झोपेवरचा कर

अर्वेला कोपचाक कपांना सोनेरी रेघ ओढायची. हॅल्स्टनच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात लग्नाआधीपासून तिचं तेच काम. फिरत्या चाकावर कप ठेवायचा, ब्रशचं टोक काठाला टेकवायचं आणि चाकाची एक फेरी पुरी होईपर्यंत श्वास रोखून धरायचा. रेघ सुरू झाली तिथंच येऊन मिळाली की सोडायचा. असे दिवसाला शेकडो कप. तिनं रेघ ओढलेला एकही कप तिच्या स्वतःच्या घरात नव्हता. चहा ती जाड, पांढऱ्या, कान तुटलेल्या मगातून प्यायची आणि सोन्याला चव नसते म्हणायची.

घर डोंगराच्या अलीकडे, डॅमसन रनमध्ये. नवरा रुडी कोळशाच्या ट्रकवर होता, तो जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. मुलगी कोलंबस शहरात. मुलगी दर नाताळात म्हणायची, आई, इकडे ये. अर्वेला म्हणायची, तिकडे मी भांडू कुणाशी?

तिचा स्वभाव सांगायला खुर्चीची गोष्ट पुरेशी आहे. कारखान्यात एकदा नवा मुकादम आला आणि रेघा ओढणाऱ्या बायकांची स्टुलं त्यानं काढून नेली. भट्टीवरचे पुरुष उभ्यानं काम करतात, मग बायकांनीच का बसायचं, असा त्याचा हिशेब. बायका आठवडाभर कुरकुरल्या. पुढच्या सोमवारी अर्वेला घरून खुर्ची घेऊन आली. चांगली लाकडी, पाठीची, उशी बांधलेली.

"हे काय?" मुकादमानं विचारलं.

"खुर्ची."

"ती दिसतेय मला. आली कुठून?"

"माझ्या स्वयंपाकघरातून. संध्याकाळी परत नेते, नाहीतर मला उभ्यानं जेवावं लागेल."

ती रोज खुर्ची आणायची आणि रोज न्यायची. दुसऱ्या आठवड्यात चार जणी आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या, एकीनं तर झुलती आणली. महिना व्हायच्या आत स्टुलं जागेवर होती. मुकादमाबद्दल तिनं पुढं कधी वाईट शब्द काढला नाही. चुकला होता, सुधारला, असं म्हणायची.

रुडीच्या अंत्यविधीला तसंच. फादर नवे होते. रुडीच्या वाडवडिलांच्या स्लोव्हाक भाषेतलं भजन आता कुणाला येत नाही, ते नको म्हणाले. अर्वेला हो म्हणाली, आणि शवपेटी उचलायच्या वेळी उभी राहून सगळी कडवी एकटीनं म्हणाली. सूर तिला कधीच नव्हता. फादर शेवटपर्यंत हात जोडून उभे राहिले, दुसरं करणार काय.

अशा बाईच्या वाटेला गावची कौन्सिल गेली, ती फेब्रुवारीच्या शेवटच्या सभेत.

बातमी दिली रोझेल टटलनं. रोझेल कारखान्यात माल भरण्याच्या विभागात होती आणि पेट्रोल वाचावं म्हणून दोघी एकाच गाडीनं जायच्या. अर्वेलाहून वीस वर्षांनी लहान, पण तोंडानं बरोबरीची.

"काल माफी काढून टाकली," गाडी चढाला लागताना रोझेल म्हणाली.

"कसली माफी?"

"कराची. आता आपल्याला दोन्हीकडे भरायचा."

प्रकार असा होता. डोंगरापलीकडे काम करणाऱ्यांच्या पगारातून आधी वॉशिंग्टन आपला वाटा घ्यायचं, मग ओहायो राज्य घ्यायचं आणि मग हॅल्स्टन शहर घ्यायचं, कारण काम शहराच्या हद्दीत. डॅमसन रनचाही मिळकतीवर कर होता, शंभरात एक. पण गावानं फार पूर्वी ठरवलं होतं की ज्यानं शहराला भरला त्याला गावाचा माफ. कौन्सिलनं आता ती माफीच रद्द केली होती. जुलैपासून जिथं राबता त्याचाही कर आणि जिथं राहता त्याचाही.

"म्हणजे एकाच पगारावर दोनदा," अर्वेला म्हणाली.

"तीनदा. राज्याचा धर की."

"मग वॉशिंग्टनही धर."

"वॉशिंग्टनला कोण धरणार, बाई."

अर्वेलानं बोटांवर हिशेब केला. महिन्याला तिचा एका आठवड्याचा किराणा जाणार होता. पण तिच्या डोक्यात किराणा नव्हता.

"हॅल्स्टन घेतं, ते मी तिथं काम करते म्हणून," ती म्हणाली. "तिथं मला मत नाही, तरी घेतं. ठीक. मग गाव कशाबद्दल घेणार? इथं मी करते काय? झोपते."

"स्वयंपाकही करतेस."

"त्यावर अजून लावलेला नाही."

झोपेवरचा कर हे नाव त्या सकाळी पडलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत डोंगराअलीकडून येणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी झालं. कुणी जांभई दिली की दुसरा म्हणायचा, जपून, डेलबर्ट बिल पाठवेल.

डेलबर्ट योकम गावचा मेयर. त्याचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं आणि मेयरकीचं काम तो संध्याकाळी करायचा. माणूस वाईट नव्हता. बर्फ पडला की गावचा बर्फ काढायचा ट्रक स्वतः चालवायचा. लहानपणी त्याची आई कामाला जायची तेव्हा तो अर्वेलाकडे असायचा. त्याच दिवशी संध्याकाळी ती गॅरेजमध्ये गेली. डेलबर्ट एका ट्रकखाली होता, बाहेर नुसते बूट.

"डेलबर्ट."

बूट हलायचे थांबले. "अर्वेला, मला माहीत आहे तू कशाला आलीस."

"मग बाहेर ये."

"ऑइल गळतंय. इथूनच बोलतो. हे बघ, पुलाखालचा, ओढ्याचं पाणी जायचा मोठा नळ खचलाय. पोलिसांची गाडी ढकलावी लागते. आणि गावातले निम्मे लोक सकाळी हॅल्स्टनला जातात, तिथं कर भरतात आणि संध्याकाळी येऊन मला विचारतात, रस्त्यात खड्डा का. खड्डा मी कुठल्या पैशानं बुजवू?"

"हे सगळं खरं आहे," अर्वेला म्हणाली.

बूट जरा बाहेर आले. ती कबूल करेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"पण ठराव केला कुणी? सहातले पाच जण पेन्शनीत. पेन्शनवर गावाचा कर नाही. सहावा तुझा मेव्हणा, त्याचं दुकान गावातच, त्याला एकच कर. तुझं गॅरेज गावात, तुलाही एकच. जो कर तुम्हाला द्यायचा नाही तो तुम्ही एकमतानं मंजूर केलात."

"कायद्यानं आम्हाला अधिकार आहे."

"मला विचारलं असतंस, नोव्हेंबरला मतदान ठेवलं असतंस, तर मी कदाचित होसुद्धा म्हटलं असतं. पुलाखालचा नळ मलाही दिसतो. आता नाही म्हणणार, आणि तुला विचारायलाही लावणार."

"लाव," ट्रकखालून आवाज आला. "तुला कोण अडवणार."

कसं लावायचं ते नदीन स्ट्रोपनं सांगितलं. नदीन गावची चिटणीस, अर्वेलाची शाळेपासूनची मैत्रीण आणि शनिवारच्या पत्त्यांतली जोडीदार. तिच्या ऑफिसात मात्र ती कुणाचीच मैत्रीण नसायची. महिन्याच्या आत गावातल्या दहा मतदारांमागे एकानं तरी अर्जावर सही केली, तर ठराव थांबतो आणि लोकांच्या मतदानाला जातो. तिनं कोरे अर्ज मोजून दिले.

"मागचं पुढचं सगळं वाच," नदीन म्हणाली.

"वाचते," अर्वेला म्हणाली आणि फक्त पुढची बाजू वाचली.

पहिले तीन आठवडे काम रेंगाळलं. कारखान्यातून यायलाच अंधार पडायचा, थंडी होती, लोक दार उघडायचे ते चिमटीएवढं. सह्या होत होत्या, पण तुरळक. मग ईस्टरच्या आधीचे शुक्रवार सुरू झाले. या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो, म्हणून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण असतं. पावात मावणार नाही एवढा मासा, कोबी घालून परतलेल्या शेवया, आणि घरोघरच्या बायकांनी भाजून आणलेले 'पाय', म्हणजे फळं नाहीतर क्रीम भरलेले गोड पदार्थ. त्यातून दलाच्या पाण्याच्या गाडीचा खर्च निघतो. गावात ज्याला चालता येतं तो तिथं येतो.

आणि या हॉलची एक रीत आहे. ज्यावर गावाची सही हवी ते सगळं पायच्या टेबलाच्या कडेला ठेवायचं. आजाऱ्याला पाठवायचं कार्ड, गोधडीच्या सोडतीची यादी, पुढच्या आठवड्यात पाय कोण आणणार. टेबलाला दोरीनं पेन बांधलेलं असतं. रांगेतून पुढं सरकताना माणूस एका हातानं पायचा तुकडा उचलतो, दुसऱ्या हातानं सही करतो. कशावर केली हे पुष्कळांना घरी गेल्यावर कळतं.

अर्वेलानं अर्ज तिथं ठेवले. त्यात वावगं काही आहे असं तिच्या मनातही आलं नाही, ना दुसऱ्या कुणाच्या. ती आत कढईपाशी गेली, कारण माशाला पीठ लावून तळायचं काम तिचं होतं, आणि हॉल रिकामा होईपर्यंत ती बाहेर आली नाही. आली तेव्हा अर्ज भरून गेले होते. वर खाली, समासात, कुणी पायच्या क्रीमचा अंगठा उमटवलेला.

"संपलं काम," रोझेल म्हणाली. "एवढं सोपं होतं तर तीन आठवडे कुत्री का भुंकवून घेतली?"

दुसऱ्या दिवशी शनिवार. दोघी नदीनच्या ऑफिसात गेल्या. मंगळवारी मुदत संपत होती, म्हणजे सवड होती. नदीननं चष्मा लावला, कागद सारखे केले आणि प्रत्येक अर्जाच्या मागच्या बाजूला शेवटी जी ओळ असते ती मोठ्यानं वाचली, कारण ती वाचायचा नियम होता.

"'या अर्जावरची प्रत्येक सही माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे, असं मी शपथेवर सांगते.' इथं तुझी सही."

अर्वेलानं पेन घेतलं आणि थांबली.

"माझ्या डोळ्यांसमोर?"

"असं लिहिलंय."

"प्रत्येक?"

काल रात्री नदीनही हॉलमध्ये होती, चेरीचा पाय घेऊन. तिनं चष्मा काढला, पुसायला लागली आणि खिडकीकडे वळली.

"कर की," रोझेल हळूच म्हणाली. "तू हॉलमध्येच होतीस."

"मी माशाकडे बघत होते."

"एकाच छपराखाली होतीस. सगळ्या सह्या खऱ्या आहेत, एकही खोटी नाही. कोण विचारणार आहे?"

"डेलबर्ट तिथं जेवत होता."

"तो काय सिद्ध करणार? तुझ्यासमोर झाल्या म्हण. झालं."

अर्वेलानं पेन खाली ठेवलं. तिच्या कपाळावर एक शीर आहे, ती अशा वेळी दिसते.

"त्यानं न विचारता घेतलं म्हणून मी महिनाभर गावभर बोंबलतेय. आता मी न बघता बघितलं म्हणू? मग आमच्यात फरक काय राहिला? त्याच्याकडे गॅरेज आहे, एवढाच?"

"पण कर जाईल पगारातून. तुझ्या एकटीच्या नाही, माझ्याही."

"माहीत आहे."

"मंगळवार आहे परवा-तेरवा."

"तेही माहीत आहे."

तिनं हॉलमधले सगळे अर्ज उचलले, प्रत्येकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि नदीनच्या टेबलाखालच्या डब्यात टाकले. दारोदार फिरून घेतलेले तेवढे ठेवले. ते फारच थोडे होते.

"नदीन, कोरे दे."

नदीननं चष्मा लावला. "किती?"

"होते तेवढे."

रोझेल गाडीत बसली. पुलापाशी आल्यावर म्हणाली, "कुठल्या गल्लीपासून?" आणि गाडी तिकडे वळवली.

पहिलं दार ऑर्विल गँट्झचं. जुना खाणीतला माणूस, आता पेन्शनीत. शुक्रवारी कढईपाशी तिच्या शेजारी तोच उभा होता. तो कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"मी केलीय सही," ऑर्विल म्हणाला. "मधेच पाय आणायला गेलो होतो तेव्हा."

"मला दिसली नाही."

"डोळे गेले का तुझे?"

"शुक्रवारी गेले होते. आता आलेत. पुन्हा कर."

"मला तो कर लागतसुद्धा नाही, पेन्शन आहे माझी."

"म्हणूनच तुझी सही जास्त शोभते."

"तू काल माझा मासा जाळलास."

"ऑर्विल."

त्यानं सही केली, कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरावर कागद ठेवून, आणि करताना तिच्याकडे रोखून बघत राहिला. "नीट बघ," म्हणाला. "हा ओ. हा आर."

रविवारी ती चर्चच्या दारात उभी राहिली नाही. तिथं गर्दीत कुणाची सही कधी झाली ते कळणार नाही, असं तिला वाटलं. लोक घरी पोचायची वाट बघून ती एकेकाच्या घरी गेली. सगळ्यांनी दिल्या असं नाही. शुक्रवारी सही केलेल्या काहींनी मधल्या दिवसांत विचार केला होता. खालच्या गल्लीतल्या विल्मा कॅराडाइनच्या तळघरात दर मोठ्या पावसात त्या खचलेल्या नळाचं पाणी शिरायचं. ती दारात उभी राहून म्हणाली, "मला तो नळ हवाय, अर्वेला."

"हवाच. नोव्हेंबरला कराच्या बाजूनं मत दे. आत्ता एवढंच म्हण की आम्हाला विचारा."

"विचारलं तर तुम्ही लोक नाही म्हणाल."

कदाचित म्हणतील, असं अर्वेला म्हणाली. विल्मानं दार लावून घेतलं, जोरात नाही. त्या दाराचा तिला राग आला नाही.

सोमवारी तिनं कारखान्यात सुट्टी टाकली. रजेचं कारण या जागी तिनं 'कर' लिहिलं, ते मुकादमानं न वाचता मंजूर केलं. त्या दिवशी ती उताराच्या गल्ल्या चढली आणि उतरली. गुडघे बोलायला लागले तेव्हा रोझेल म्हणाली, उरलेल्या मी घेते. अर्वेला म्हणाली, मग शपथ तुझी आणि गल्ल्याही तुझ्या, वेगळे कागद घे. रोझेलनं वेगळे कागद घेतले. मंगळवारी दुपारी सगळं नदीनच्या टेबलावर होतं. हव्या होत्या त्यापेक्षा थोड्या जास्तच सह्या. या वेळी ती ओळ वाचली गेली आणि अर्वेलानं लगेच सही केली.

एप्रिलच्या सभेला कौन्सिलची खोली भरली होती. डेलबर्टनं हात धुतले होते आणि स्वच्छ शर्ट घातला होता. सभेत तो सगळ्यांना अहोजाहो करायचा.

"मिसेस कोपचाक, हे अर्ज त्या माशाच्या जेवणाच्या शुक्रवारी पायच्या टेबलावर पडलेले मी स्वतः पाहिलेत. त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. हे चालत नाही."

"चालत नाही, बरोबर," अर्वेला म्हणाली. "ते मी टाकून दिले. नदीनला विचारा."

"टाकले," नदीन वर न बघता म्हणाली. "मी पाहिलं."

खोलीत कुजबुज झाली. डेलबर्टनं समोरचे कागद उलटले. "मग शनिवार ते मंगळवार एवढ्यात या सगळ्या पुन्हा घेतल्या? तुमच्या कागदांवरच्या या प्रत्येक सहीच्या वेळी तुम्ही समोर होता?"

"होते."

"प्रत्येक?"

"सांगू?"

इथं डेलबर्ट चुकला. लहानपणी तिच्या स्वयंपाकघरात एवढे दिवस काढून त्याला हे कळायला हवं होतं. "सांगा," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

अर्वेला उठली आणि वरच्या गल्लीपासून सुरू झाली. ऑर्विलनं खुराड्यावर केली, सहीच्या शेवटी पेन चालेना म्हणून जिभेला लावलं. शेजारच्या मेटा हॉकनं केली ती पावाच्या पिठाच्या हातानं, पीठ कागदावर आहे बघा, खाली उजवीकडे. तिच्या नवऱ्यानं आधी नाही म्हटलं, मग मेटानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. पुढच्या घरी म्हातारीला वाचता येत नव्हतं, चष्मा मुलीकडे होता, म्हणून ठराव पूर्ण वाचून दाखवला, दोनदा, आणि ती म्हणाली यात मला काही समजलं नाही पण विचारायला काय हरकत आहे. टर्ली बंधूंनी गाडीच्या बॉनेटवर केली. मोठ्या भावानं डाव्या हातानं, तो डावखुरा नाही, उजवा हात मोडलाय.

लोक हसायला लागले होते. अर्वेला हसत नव्हती. पेन्शनीतले सभासद घड्याळाकडे बघायला लागले. मधली गल्ली संपेपर्यंत डेलबर्टच्या मेव्हण्यानं हात वर केला.

"माझ्या मते हे पुरेसं आहे. अर्ज ग्राह्य धरावेत आणि ठराव मतदानाला पाठवावा."

"अनुमोदन," दुसरा घाईनं म्हणाला.

हात वर झाले. डेलबर्टनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग टेबलावर हातोडी मारली. "ठराव नोव्हेंबरच्या मतदानाला जाईल. चिटणीसबाई, नोंद करा." नदीन लिहू लागली. खुर्च्या सरकल्या, माणसं कोट उचलू लागली.

"बसा," अर्वेला म्हणाली.

"अर्वेला, झालं ना," डेलबर्ट म्हणाला. अहोजाहो गळून पडलं होतं. "मिळालं तुला जे हवं ते."

"तू प्रत्येक विचारलंस. खालची गल्ली राहिली आहे."

"आम्ही मान्य केलंय."

"मान्य केलंत, ऐकलं कुठं? बसा."

कुणीतरी बसलं. मग आणखी कुणी. डेलबर्टनं हातोडी खाली ठेवली आणि हाताची घडी घालून तोही बसला.

"लेस्टर प्रूइट," अर्वेला म्हणाली. "शिडीवर चढून पन्हळ साफ करत होता. खाली यायला तयार नव्हता, म्हणून मी वर गेले."